पाटी, पिन आणि वॉरंटी

आमच्या घरात टॅब्लेटला 'पाटी' म्हणतात. २०२४ च्या दसऱ्याच्या मुहूर्तावर साडेसतरा हजार रुपये मोजून ती काळी, गुळगुळीत वस्तू आम्ही घरी आणली, तेव्हा मातोश्रींनी चष्मा सावरून तिच्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "ही तर आमची पाटीच की! फक्त पेन्सिल तेवढी हरवलेली दिसते." तेव्हापासून तेच नाव रूढ झाले.

मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे. कानांनी त्यांची साथ सोडली त्याला आता दहा वर्षे होतील. श्रवणयंत्र आहे, परंतु टेलिफोनवरचा आवाज त्यातून नुसता खरखरतो. समोरच्याचे ओठ दिसले म्हणजे मात्र निम्मे बोलणे डोळ्यांनी आणि निम्मे कानांनी त्यांना बरोबर उमगते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, मिरजेस असते. लग्न होऊन मातोश्री इंदुरास आल्या त्यास साठ वर्षे होऊन गेली. या साठ वर्षांत दोघी बहिणींचे बोलणे आंतर्देशीय पत्रांतून आणि लग्नकार्यांतल्या ओझरत्या भेटींतूनच व्हायचे. मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर ओठ कुठले दिसायला! म्हणून ही मोठी पाटी घेतली. रोज दुपारी चार वाजता, चहाची कपबशी हाताशी घेऊन, रामबागेतली धाकटी आणि मिरजेतली थोरली समोरासमोर बसू लागल्या. आम्हांस त्या खोलीत त्या वेळी प्रवेश नसे.

त्याच वर्षी मार्गशीर्षात मावशी स्वतः इंदुरास आली आणि संक्रांतीपर्यंत राहिली. दुपारच्या निवांत वेळी आमच्या नातीने तिच्याकडून हादग्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, आजोळच्या हकिकती असे पुष्कळ काही वदवून घेतले आणि पाटीच्याच कॅमेऱ्याने टिपले. असे त्रेचाळीस तुकडे जमले. मिरजेकडचा हादगा आणि पुण्याकडचा भोंडला यांतली गाणी सारखी वाटली तरी सारखी नसतात, हे आम्हांस प्रथमच कळले. पुढे २०२५ च्या मे महिन्यात मावशीस अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि वाचा अडखळली. चार वाजताचे बोलणे मात्र थांबले नाही. मावशीच्या सुनेने तिच्या डाव्या हाताशी एक दगडी पाटी दिली. मावशी दोनचार वेडीवाकडी अक्षरे लिहून ती पाटी उचलून धरी आणि इकडे मातोश्री आमच्या पाटीवर ती वाचीत. पाटीवर पाटी!

एवढी हकीकत सांगण्याचे कारण असे की, जी वस्तू बिघडल्याचे आम्ही पुढे सांगणार आहो ती चैनीची वस्तू नव्हती, हे वाचकांच्या ध्यानी यावे. आणि बिघडले ते काय? पाटीच्या कडेला असलेले, सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच असे एक भोक. ज्यात चार्जरची तार खोचतात ते.

आपल्या बाजारात या भोकास कोणी 'पोर्ट' म्हणत नाही. 'चार्जिंग पिन' किंवा 'चार्जिंग जॅक' म्हणतात. आम्हीही तेच म्हणू. जून महिन्यात एके दिवशी सौ.नी तक्रार केली की तार एका बाजूने लावली तर पाटी चार्ज होते, उलटी करून लावली तर होत नाही. आम्ही म्हणालो, मग ज्या बाजूने होते त्या बाजूने लावावी! वाचकहो, या प्रकरणातील पहिली चूक ही अशी आमची आहे आणि ती मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. ते लक्षण किती बोलके होते, हे पुढे सारे यंत्रशास्त्र समजून घेतल्यावर आम्हांस कळले.

ही तारेची सर्वसामान्य पद्धत, जिला 'यूएसबी' म्हणतात, ती १९९६ साली निघाली. प्रारंभीची चपटी, रुंद पिन संगणकासाठी होती. पुढे हातातली यंत्रे लहान होत गेली तशी पिनही लहान झाली. आधी 'मिनी' आली आणि २००७ साली 'मायक्रो'. जुने मोबाइल ज्यांनी वापरले त्यांस ही मायक्रो पिन चांगलीच आठवत असेल. तिचे तोंड एका बाजूस तिरपे कापलेले असे, आणि अंधारात घाईने उलटी खुपसली की आतील जिव्हाळीस इजा ठरलेलीच. तरी तिच्या रचनाकारांनी एक शहाणपण केले होते. झिजणाऱ्या स्प्रिंगा त्यांनी यंत्रातल्या भोकात न ठेवता तारेच्या टोकात ठेवल्या. झिजायचेच असेल तर शंभर रुपयांची तार झिजावी, हजारो रुपयांचे यंत्र झिजू नये, हा हेतू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'टाइप-सी' या नावाने जी पिन आली, जी आज बहुतेक सर्व यंत्रांत आहे, तिनेही हाच नियम पाळला. शिवाय ती कशीही लावा, सुलटी वा उलटी, चालते.

ती तशी चालावी म्हणून आत काय खटाटोप आहे तो पाहण्याजोगा आहे. भोकाच्या मधोमध एक मिलिमीटरहूनही पातळ अशी जीभ असते. तिच्या वरच्या अंगास बारा आणि खालच्या अंगास बारा, असे चोवीस सोनेरी स्पर्शबिंदू. त्यांतले चार वीज आणणारे, चार ती परत नेणारे, बाकीचे माहितीच्या देवघेवीचे. आणि दोन बिंदू, एक वर आणि एक खाली, केवळ ओळख पटविण्यासाठी राखलेले. दोन्ही टोकांस टाइप-सी असलेली तार लावली म्हणजे चार्जर आधी या बिंदूंतून चाचपणी करतो की पलीकडे कोणी आहे का, आणि त्यास किती वीज हवी. उत्तर मिळाल्याशिवाय तो वीज सोडीत नाही. तार ज्या बाजूने लावली असेल त्याप्रमाणे दोहोंपैकी एकच ओळखबिंदू कामास येतो. म्हणजे आमच्या पाटीचा एक ओळखबिंदू जूनमध्येच निकामी झाला होता. एका बाजूने हाक जात होती, दुसऱ्या बाजूने जात नव्हती. पिन उखडू लागल्याची ती पूर्वसूचना होती.

तज्ज्ञांच्या मानकाप्रमाणे टाइप-सी पिनेने दहा हजार वेळा तार घालणे-काढणे सोसले पाहिजे. दिवसातून दोनदा तार लावली तरी हिशेबाने तेरा वर्षांहून अधिक काळ झाला. मग आमची पिन दहा महिन्यांत का गेली? याचे उत्तर असे की ती परीक्षा यंत्राच्या हाताने, सरळ रेषेत घेतलेली असते. घरातली माणसे तार सरळ रेषेत घालीत नाहीत. त्यातही टॅब्लेटची गोष्ट मोबाइलहून निराळी. तिची बॅटरी मोठी, सात-आठ हजार मिलिअँपिअर तासांची. साध्या दहा वॉटच्या चार्जरवर ती भरावयास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ धीर कोण धरणार? म्हणून लोक तार लावलेली असतानाच तिचा वापर करतात. आमच्या मातोश्री पाटी उशीला टेकवून उभी करीत आणि पिन नेमकी खालच्या कडेस. अर्धा किलो वजनाची पाटी आपल्या सर्व भारानिशी त्या तारेच्या टोकावर उभी! तारेचे टोक बाहेर दोनअडीच सेंटिमीटर येते, आत जाते ते जेमतेम सहासात मिलिमीटर. तरफेचा नियम शाळेत शिकलेल्या कोणासही यातले गणित सांगावयास नको. बाहेरचा लहानसा बाक आत तिपटीचौपटीने जोर करतो. आणि तो जोर सोसायचा कोणी? तर भोकाच्या पत्र्याच्या चार पायांनी, जे आतल्या हिरव्या फलकावर कथलाच्या चार थेंबांनी चिकटविलेले असतात.

काही कंपन्या ही पिन एका वेगळ्या छोट्या फलकावर बसवितात आणि पट्टीने मुख्य फलकास जोडतात. पिन गेली तर तो छोटा फलक काढून दुसरा बसविला की काम झाले. काही कंपन्या मात्र पिन थेट मुख्य फलकावरच डागतात. खर्चात काही रुपयांची बचत होते. आमची पाटी या दुसऱ्या कुळातली निघाली. दुकानात पडद्याचे तेज, कॅमेऱ्याचे आकडे, रंग हे सारे दाखवितात. पिन कोणत्या फलकावर आहे हे कोणी दाखवीत नाही, आणि आपणही विचारीत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाटीने दोन्ही बाजूंनी वीज घेणे बंद केले. उरलेसुरले बळ संपून पडदा काळा झाला. वॉरंटी ऑक्टोबरपर्यंत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बिल, खोके, चार्जर असा सारा लवाजमा घेऊन आम्ही विजयनगरातील कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. वातानुकूलित दालन, टोकन, मऊ खुर्च्या. आमचा क्रमांक सत्तावीस. ज्या शहरात सकाळी उठून पोहे-जिलबी खाण्यास लोकांस वेळ असतो, तेथे तासभर बसण्याचे आम्हांस काही वाटले नाही.

खिडकीवरच्या मुलीने पाटी आत नेली आणि दहा मिनिटांत परत आणली. अत्यंत अदबीने ती म्हणाली, "सर, इसमें फिजिकल डॅमेज है. वॉरंटी में नहीं आएगा." आम्ही म्हणालो, पाटी पडली नाही, आपटली नाही, भिजली नाही, काचेवर ओरखडा नाही. ती म्हणाली की पिनेची जीभ वाकलेली आहे आणि जीभ आपोआप वाकत नाही. हे खरेच होते. पण जी वस्तू रोज खोचण्यासाठीच केलेली आहे ती रोज खोचल्याने वाकली, तर तो वापर की अपघात? या प्रश्नाचे उत्तर त्या खिडकीवर मिळण्यासारखे नव्हते. मुख्य फलक बदलावा लागेल, नऊ हजार दोनशे रुपये होतील, आणि आतली सर्व माहिती पुसली जाईल, असे तिने सांगितले. तसे लिहून दिलेल्या कागदावर सही केल्यावाचून पाटी दाखल होणार नव्हती.

माहिती पुसली जाईल, हे शब्द ऐकून आमच्या पोटात गोळा आला. ते त्रेचाळीस तुकडे दुसरीकडे कोठेच नव्हते. परस्पर कोठे तरी दूर साठवून ठेवण्याची सोय पाटीत होती. परंतु फुकट मिळणारी पंधरा जीबीची जागा नातीच्या वाढदिवसांनी केव्हाच भरली होती, आणि भरल्याची सूचना येई तेव्हा आम्ही ती बोटाने बाजूस सारीत असू. ही दुसरी चूक. जुन्या रेडिओत किंवा टेपरेकॉर्डरात यंत्र बिघडले तरी कॅसेट काढून घेता येई. या यंत्रांत माहिती गुप्त लिपीत कोंडलेली असते आणि तिची किल्ली मुख्य फलकावरच्याच एका चिपेत असते. फलक गेला की किल्ली गेली. फलक न बदलता नुसती पिन बदलून द्याल का, असे आम्ही विचारले. ते सेवा केंद्रात होत नाही. येथे डाग देत नाहीत, फलकच बदलतात. बाहेर करून घेतले तर? तर वॉरंटी संपली. स्क्रूवरचा कागदी शिक्का फुटला की कंपनीचा संबंध संपला.

म्हणजे पेच असा पडला. वॉरंटी पाळावी तर गाणी जातात, गाणी राखावीत तर वॉरंटी जाते. आणि वॉरंटी पाळूनही काही मिळत नाही ते नाहीच, कारण बिघाड वॉरंटीत बसत नाही असे म्हणणे. आम्ही पाटी परत घेतली. एक काम मात्र बरे केले. नकाराचे कारण लेखी मागितले. मुलगी जरा कां-कूं करू लागली, पण शेवटी तपासणीचा छापील कागद तिने दिला. घरी येऊन भिंगाखाली पिनेची छायाचित्रे काढली. तारीख, बिल, कागद, छायाचित्रे असे सर्व एका लखोट्यात घातले. सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसास निदान फाईल तरी करता येते.

या ठिकाणी कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या परिचितांपैकी अनेकांस याची नीटशी कल्पना नसते. ग्राहकांसाठीचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ चा. त्यावर राष्ट्रपतींची मोहोर ज्या दिवशी उमटली तो २४ डिसेंबर आजही ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्याची मोठी सोय अशी की, कंपनीची कचेरी कोठेही असो, ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. आपल्यासारख्या, एक पाय येथे आणि एक पाय महाराष्ट्रात ठेवून असलेल्या कुटुंबांस हे फार उपयोगी आहे. वस्तू पुण्यात घेतली आणि राहतो ग्वाल्हेरीस, तर तक्रार ग्वाल्हेरीस करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. हे झाले कागदावर. याच कायद्यात असेही आहे की दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर आयोगाने वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा. योग्यच आहे. पण तेवढे दिवस पाटी लाखेच्या मोहोरेखाली आणि मातोश्री बंद पाटीसमोर, हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि आम्ही तो मार्ग तूर्त बाजूस ठेवला.

त्याऐवजी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनीकडे तक्रार नोंदविली. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ च्या ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काविषयी एक संकेतस्थळही सुरू केले आहे. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती यंत्रे आणि मोटारी अशा चार वर्गांतील कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी, असा उद्देश. आम्ही तेथेही जाऊन आलो. सेवा केंद्रांचे पत्ते मिळाले, पण पिन कोणत्या फलकावर आहे हे तेथेही नव्हते.

परदेशांत या बाबतीत काही हालचाल झाली आहे, ती नमूद करण्याजोगी आहे. फ्रान्सने २०२१ च्या जानेवारीपासून मोबाइल, लॅपटॉप आदी काही वस्तूंवर दुरुस्तीच्या सुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल आणि टॅब्लेट यांस टाइप-सी पिन बंधनकारक आहे. पण त्याहून आम्हांस मोलाचा वाटला तो २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेला दुसरा नियम. त्यानुसार ठरावीक सुटे भाग, ज्यांत चार्जिंगची पिनही आली, विक्री थांबल्यावरही सात वर्षेपर्यंत दुरुस्ती करणारांस मिळाले पाहिजेत. अमेरिकेत 'शिक्का फुटला तर वॉरंटी रद्द' अशी धमकी देणाऱ्या सहा कंपन्यांना तेथील व्यापार आयोगाने २०१८ साली लेखी ताकीद दिली होती. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२३ च्या जानेवारीत टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. पिन सर्वांची एक झाली. आता ती मोडल्यावर बदलून मिळावी, एवढेच मागणे उरले.

हेल्पलाइनीची नोंद कंपनीकडे गेली आणि उत्तरांचा क्रम सुरू झाला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी 'आपणांस झालेल्या त्रासाबद्दल खेद', आणि प्रत्येक वेळी पुन्हा बिल पाठविण्याची विनंती. आम्ही ते बिल सात वेळा पाठविले. इकडे घरी चार वाजले की गाडे अडू लागले. आमच्या मोबाइलवर मावशीची पाटी दिसे, परंतु त्यावरची अक्षरे मातोश्रींस लागत नसत. आम्ही वाचून दाखवावे, तर आमचे वाचन त्यांस नको असे. दोघी बहिणींच्या बोलण्यात तिसऱ्याचे काय काम? चार मिनिटांत नमस्कार-चमत्कार होऊन बोलणे संपे. गणपती बसले, उठले. एरवी आरतीच्या वेळी मावशीस पाटीवरून दर्शन घडविण्याचा मातोश्रींचा बेत होता, त्याविषयी त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचेच आम्हांस अधिक वाटले.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी फोन आला. कंपनी 'विशेष बाब म्हणून' फलक विनामूल्य बदलून देण्यास तयार होती. पंधरा दिवस लागतील. माहिती जाईल, याची संमती द्यावी. चिरंजीव पुण्याहून म्हणाले, बाबा, नऊ हजारांचे काम फुकट होते आहे, घ्या. व्यवहार म्हणून त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही मातोश्रींपुढे कागदावर दोन्ही पर्याय लिहून ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "ताई आता गाऊ शकत नाही. फुकटाचं काय घेऊन बसलास?" मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पितृपक्ष लागतोय. नवं घेऊ नये म्हणतात. जुनं नीट करायला कोणाची ना आहे?"

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही जेल रोडवर गेलो. जेल रोड म्हणजे इंदुरातील मोबाइलच्या दुरुस्तीचे काशीक्षेत्र. एकावर एक रचलेल्या कपाटांएवढी दुकाने, आणि प्रत्येकात निळ्या दिव्याखाली मान घालून बसलेला कोणी तरी. तीन ठिकाणी विचारून चौथ्या ठिकाणी थांबलो, कारण तेथील तरुणाने पाटी हातात घेण्यापूर्वी आत काय आहे ते विचारले. त्रेचाळीस तुकड्यांची हकीकत ऐकून तो म्हणाला, "अंकलजी, ट्रॅक बचा होगा तो काम हो जाएगा. नहीं बचा तो तार डालेंगे. लेकिन पहले बॅटरी निकालूंगा, फिर हाथ लगाऊंगा." आम्ही बाकावर बसलो. शिक्का फुटल्याचा आवाज होत नाही, पण आम्हांस तो ऐकू आला.

लहानपणी आमच्या वाड्यात रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ येत. डागणी तापवीत, राळेचा वास सुटे, आणि आम्ही मुले भोवती कोंडाळे करून बसत असू. तोच वास जेल रोडवर येत होता. साधने मात्र पालटली आहेत. त्या तरुणाने पाटीच्या कडा गरम करून प्लास्टिकच्या पात्याने पाठ उलगडली, फलक सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आम्हांस बोलावून दाखविले. पुढचे दोन पाय कथलासकट उखडले होते, जीभ डावीकडे झुकली होती, आणि केसाहून बारीक अशी एक तांब्याची वाट मधोमध तुटली होती. बहुधा तीच ओळखबिंदूची वाट, जी जूनपासून हाक देत होती. गरम हवेच्या झोताने त्याने जुनी पिन उचलली, नवी बसविली, चारही पायांस नेहमीहून अधिक कथील पाजले, आणि तुटलेल्या वाटेवर तारेचा एक सूक्ष्म धागा डागला. तो डागताना त्याने श्वास रोखून धरला होता. आम्हीही.

तार लावली. पडदा काळाच राहिला. "बॅटरी पूरी सोई हुई है, बैठिए," असे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाऊण तासाने बॅटरीचे चित्र उमटले. मग तार उलटी करून लावली, तरीही ते राहिले. मजुरी साडेचारशे रुपये. हमीबद्दल विचारता, आपल्या कार्डाच्या पाठीवर त्याने 'एक महिना' असे लिहून तारीख घातली. कंपनीच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत चार पाने होती.

त्याच रात्री नातीने ते त्रेचाळीस तुकडे दोन पेनड्राइव्हांवर उतरविले आणि तिसरी प्रत मिरजेस मावशीच्या सुनेकडे पाठविली. कंपनीस आम्ही कळविले की आता आपली कृपा नको. त्यावर तीन दिवसांनी संदेश आला की तक्रारदाराचे समाधान झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. सुरुवातीस आम्हांस राग आला, मग हसू आले. तो संदेशही लखोट्यात घातला.

निघताना त्या तरुणाने एकच गोष्ट बजावली होती, की पाटी पिनेवर उभी करू नका. घरी त्याचा उपाय मातोश्रींनीच शोधला. माळ्यावर वडिलांचे पोथी वाचण्याचे शिसवी व्यासपीठ होते, ते त्यांनी खाली काढविले. त्यावर पाटी आडवी बसते, पिन उजव्या हातास मोकळी राहते आणि तारेस कोठे बाक येत नाही. घटस्थापनेच्या दिवशी दुपारी चार वाजता ते व्यासपीठ खिडकीपाशी मांडले. पलीकडे मावशीने आपली पाटी उचलून धरली. काय लिहिले होते ते आम्हांस दाराआडून दिसले नाही. मातोश्री मात्र मोठ्याने हसल्या, आणि हादग्याचे कोणते गाणे आधी लावायचे यावरून दोघींचा वाद सुरू झाला, एकीचा तोंडाने आणि दुसरीचा डाव्या हाताने.